पन्हाळ्याच्या घरातली जुनी फायरप्लेस परत सुरू केली, पण सगळा धूर खोलीत येतोय

निशिगंधा_को
८ डिसेंबर

नमस्कार मंडळी,

आम्ही राहतो कोल्हापुरात, पण सासरचं जुनं घर पन्हाळ्यावर आहे. जांभ्याच्या जाड भिंती, उंच छत आणि बैठकीच्या खोलीत बाहेरच्या भिंतीला लागून एक फायरप्लेस. सासरे लहान असताना ती रोज संध्याकाळी पेटायची. पुढे कधीतरी चिमणीच्या तोंडावर फरशी टाकून ती बंद केली आणि समोर टीव्हीचं कपाट आलं. यंदा घराची दुरुस्ती काढली तेव्हा मी हट्टच धरला की ही शेकोटी पुन्हा पेटली पाहिजे.

गवंड्याने फरशी काढली. आतून तीन घमेली काजळी, काटक्या आणि पाकोळ्यांची घरटी निघाली. पुढच्या बाजूने नवा गिलावा केला, वर सागवानी फळी बसवली. दिसायला फार देखणी झाली आहे.

शनिवारी पहिल्यांदा पेटवली. सात-आठ पाहुणे होते, आत मटण शिजत होतं, बाहेर थंडी म्हणून सगळी दारं-खिडक्या लावून आम्ही शेकोटीभोवती बसलो. पाचेक मिनिटं बरं चाललं. मग धूर वर जायचं सोडून फळीच्या खालून बाहेर यायला लागला आणि दहाव्या मिनिटाला समोरचा माणूस दिसेना. सासूबाईंना खोकल्याची उबळ थांबेना, शेवटी बादलीभर पाणी ओतून विझवली. नव्या गिलाव्यावर काळे ओघळ आलेत आणि घरात अजून वास आहे.

काम करणारे म्हणतात, "ताई, चिमणी मोकळी आहे, आता आमचा संबंध नाही." चिमणी खरंच मोकळी आहे, खालून मान घालून पाहिलं तर आकाशाचा चौकोन दिसतो. मग धूर वर का जात नाही? कुणी अशी जुनी फायरप्लेस चालू केली आहे का?

समीर_नागाळा

चिमणीची जाळी दर महिन्याला गरम पाणी आणि सोड्याने धुवायची. आमची पण अशीच धूर सोडायची, धुतल्यावर मस्त चालते.

निशिगंधा_को

समीर, ती स्वयंपाकघरातली चिमणी झाली. ही विटांची, भिंतीतली. :)

समीर_नागाळा

अरेच्चा! घाईत वाचलं. पण धागा वाचत राहणार, विषय भारी आहे.

चुलवाण

ताई, आमचं कागलकडं गुऱ्हाळ होतं, वडिलांच्या हाताखाली आठ-दहा हंगाम मी चुलवाणापुढं, म्हंजे गुळाच्या मोठ्या चुलीपुढं काढलेत. धूर खोलीत यायलाय म्हंजे धुराड्याला ओढ नाही. धूर आपला आपण वर जात नसतो, त्याला खालनं ताजी हवा ढकलत असते. गुऱ्हाळघर चारी बाजूनं उघडं, तिथं हवेला तोटा नाही. तुम्ही दारं-खिडक्या सगळ्या लावल्या. जेवढी हवा धुराड्यातनं वर जाईल तेवढी खोलीत कुठनं तरी आत यायला नको का? बाटली उलटी केली की पाणी गुडगुड करत थांबत-थांबत पडतं, तसं होतंय तुमचं.

आणि हंगामातला पहिला जाळ आमच्यातबी उलटाच यायचा. चार-सहा महिने गार पडलेलं धुराडं, आत गार जड हवेचा बुचका बसलेला. वडील आधी धुराड्याच्या बुडाशी वाळलेल्या पाचटाचा एक पेंढा पेटवायचे, नुसता भडका. ओढ लागल्याचा आवाज येतो, भुर्रर्र असा. तो ऐकल्याशिवाय चुलवाणात रस काढलेल्या उसाचं चिपाड जात नव्हतं.

मंजिरी_आपटेनगर

चुलवाण, किती नेमकं सांगितलंत! आमच्या घरचा तांब्याचा बंब आठवला. आजी आधी कागदाचा बोळा पेटवून मधल्या नळकांड्याखाली सरकवायची, मगच गोवरी. मी थेट गोवरी घातली की अख्खी मोरी धुराने भरायची आणि वर बोलणी बसायची. बंबाचं ते मधलं नळकांडं म्हणजे चिमणीच की.

निशिगंधा, तू पुढच्या वेळी जुन्या वर्तमानपत्राची सुरळी पेटवून चिमणीच्या घशात वर धरून बघ. आणि घरात कुणाला दमा असेल तर त्यांना त्या दिवशी दुसऱ्या खोलीत बसव.

उद्यमनगरकर

माझं फौंड्रीचं काम, भट्ट्या बांधण्यात आयुष्य गेलं. धुराचं इतर लोक सांगतीलच, मला काळजी तुमच्या गिलाव्याची वाटतेय. तो सिमेंटचा आहे का? आतल्या बाजूलाही सिमेंटच मारलंय का? आणि तापलेल्या चुलीवर बादलीभर पाणी पुन्हा कधीही ओतू नका. तापलेली वीट आणि दगड एकदम गार झाले की तडकतात, आणि वाफेने हात भाजतो तो वेगळाच. वाळूची बादली शेजारी ठेवा.

साध्या सिमेंटचा जोर साडेचारशे-पाचशे अंशाच्या पुढे टिकत नाही, आतला चुना सुटतो आणि गिलावा भुसभुशीत होतो. जाळाला जिथे थेट आच लागते तिथे आच सोसणारी भट्टीची वीट, म्हणजे फायर ब्रिक, आणि सांध्याला तशीच आच सोसणारी माती, फायर क्ले; सांधा शक्य तितका बारीक. आपल्या कोल्हापुरात एवढ्या फौंड्र्या आहेत की ९ × ४.५ × ३ इंचाची फायर ब्रिक मिळायला अडचण नाही. उद्यमनगरात किंवा शिरोलीला चौकशी करा.

निशिगंधा_को

दादा, आत सिमेंटच मारलंय. :( पाठीमागे आधीचा काळा दगड होता, त्याच्यावर. आता टकटक केलं तर एका कोपऱ्यात पोकळ आवाज येतो.

उद्यमनगरकर

पोकळ वाजतंय तेवढं काढूनच टाका. पाठीला आणि दोन्ही बाजूंना फायर ब्रिक उभ्या करून घ्या. नवीन बांधकाम झालं की लगेच मोठा जाळ नाही. आठ दिवस तसंच राहू दे, मग रोज मूठभर काटक्यांचा छोटा जाळ, हळूहळू वाढवत. आतलं पाणी सावकाश निघालं पाहिजे.

विहंग

वर एक एक्झॉस्ट फॅन बसवा, विषय संपला. फॅन ओढेल धूर.

निवृत्त_अभियंता

विहंग, साधा एक्झॉस्ट फॅन त्या उष्णतेत आणि काजळीत टिकणार नाही. चिमणीच्या डोक्यावर बसवायचे खास पंखे असतात, पण तो शेवटचा उपाय. आणि लाइट गेली की काय? पन्हाळ्यावर वाऱ्या-पावसात लाइट जातेच. चिमणी बिनपंख्याची चालली पाहिजे, ती चालावी म्हणूनच ती बांधलेली असते.

निशिगंधाताई, मला तीन मापं द्या. शेकोटीच्या तोंडाची रुंदी आणि उंची, चिमणीच्या आतल्या पोकळीची लांबी-रुंदी, आणि चुलीच्या तळापासून चिमणीच्या टोकापर्यंतची उंची. तोवर थोडं हवेचं गणित सांगतो.

समुद्रसपाटीला १५ अंशाची एक घनमीटर हवा साधारण सव्वा किलो भरते. तीच हवा १२० अंशाला तापली की जेमतेम ९०० ग्रॅम. चिमणीत ही हलकी हवा उभी असते, बाहेर जड हवा. दोन्हींच्या वजनातला फरक म्हणजेच चुलवाण म्हणतात ती ओढ. म्हणून चिमणी जेवढी उंच आणि आतून जेवढी गरम, तेवढी ओढ जास्त. तुमची चिमणी बाहेरच्या भिंतीत आहे, म्हणजे ती लवकर गार पडते. घराच्या मधल्या भिंतीतली चिमणी जास्त गुणी.

पण ही ओढ मुळात फार नाजूक असते. फुंकर मारून जेवढा दाब पडतो त्याच्यापुढे काहीच नाही. त्यामुळे घरात दुसरं काही हवा ओढत असेल तर चिमणी हरते.

मंजिरी_आपटेनगर

थांबा थांबा. "आत मटण शिजत होतं"!! निशिगंधा, नवीन स्वयंपाकघरात इलेक्ट्रिक चिमणी लावली आहेस का? आणि ती त्या वेळी चालू होती?

निशिगंधा_को

अगं हो! नवीनच बसवली आहे. रस्सा चालला होता म्हणून फुल स्पीडवर होती. तिचा पाइप भिंतीतून बाहेर काढलाय. आणि बैठक आणि स्वयंपाकघर यांच्यात आता दार नाही, कमान आहे.

निवृत्त_अभियंता

मंजिरीताई, शाबास! हे मी वाचूनही माझ्या नजरेतून सुटलं होतं.

बाजारात मिळणाऱ्या बऱ्याच किचन चिमण्यांवर ताशी १२०० घनमीटर असं लिहिलेलं असतं. प्रत्यक्षात कमी ओढत असेल, पण १४ × १६ फुटांची आणि ११ फूट उंचीची खोली धरली तर तिच्यात हवाच असते साधारण ७० घनमीटर. दारं-खिडक्या बंद असताना तो पंखा बाहेर फेकायला हवा आणणार कुठून? घरातलं सगळ्यात मोठं उघडं भोक म्हणजे तुमची फायरप्लेस. तिथूनच हवा खाली ओढली गेली आणि येताना धूर घेऊन आली.

समीर_नागाळा

म्हणजे माझा पहिला प्रतिसाद अगदीच चुकला नव्हता, चिमणी तीच निघाली!

निशिगंधा_को

समीर, तुला पन्हाळ्यावर झुणका-भाकरीचं आमंत्रण. :)

मापं घेतली. तोंड ४२ इंच रुंद, ३४ इंच उंच. चिमणीची आतली पोकळी ९ × १४ इंच. एकूण उंची टेप दोरीला बांधून सोडला तर १४ फूट भरली.

पुढच्या शनिवारी किचन चिमणी बंद ठेवून आणि एक खिडकी चार बोटं उघडून परत पेटवते. आधी कागदाची सुरळी.

रानवारा

लाकूड कुठलं जाळलंत हे कुणीच विचारलं नाही.

निशिगंधा_को

परसात ऑगस्टच्या पावसात एक सिल्व्हर ओक पडला होता, त्याचेच ओंडके.

रानवारा

मग निम्मा धूर त्याचाच. ऑगस्टमध्ये पडलेलं झाड डिसेंबरात ओलंच असतं, आणि पन्हाळ्याच्या पावसाळी हवेत तर पक्कंच. ओल्या लाकडाची आच पाणी उडवण्यातच जाते, चिमणी तापत नाही, ओढ लागत नाही. आणि तो गार धूर आत डांबरासारखा चिकटून बसतो. हा थर पुढे कधीतरी पेट घेतो आणि चिमणीच्या आत आग लागते. हे हसण्यावारी नेऊ नका, वर छपराला लाकडी वासे असतील तर घर जातं.

लाकूड फोडून, वरून झाकून, बाजूने वारा लागेल असं रचा आणि निदान एक उन्हाळा खाऊ द्या. वाळलेल्या दोन ढलप्या एकमेकींवर आपटल्या की टणक, खणखणीत आवाज येतो. ओल्या असतील तर थप्प. टोकांना चिरा पडलेल्या असल्या पाहिजेत. बाभूळ मिळाली तर उत्तम, निखारा बराच वेळ टिकतो. निलगिरी ठिणग्या उडवते, समोर सतरंजी असेल तर जाळीचा पडदा लावा.

चुलवाण

रानवारांचं सोळा आणे खरं. चिपाड पण उन्हात वाळवूनच चुलवाणात घालायचं. ओलं गेलं की काहिलीला आच लागत नाही, गुळव्या ओरडायला लागायचा.

निवृत्त_अभियंता

मापांवरून बोलतो. तोंडाचं क्षेत्रफळ ४२ × ३४ म्हणजे १४२८ चौरस इंच. चिमणीची पोकळी १२६. म्हणजे अकरावा हिस्सा. ढोबळ नियम असा की पोकळी तोंडाच्या दहाव्या हिश्श्याच्या खाली नको, आणि चिमणी बुटकी असेल तर आठवा हिस्सा हवा. तुमची १४ फूट म्हणजे बुटकीच. आठव्या हिश्श्याने १२६ ला १००८ चौरस इंचाचं तोंड झेपतं. रुंदी ४२ च ठेवली तर उंची २४ इंच.

आता लगेच गवंडी बोलावू नका. तोंडाच्या रुंदीएवढा एक पत्रा घ्या. जाळ नीट लागला की जाड हातमोजे घालून तो पत्रा वरच्या कडेला टेकवून इंच-इंच खाली आणा. ज्या उंचीला धूर बाहेर यायचा थांबेल तिथे खडूने खूण करा. ते तुमच्या चिमणीचं खरं माप, माझ्या गणितापेक्षा त्याच्यावर विश्वास ठेवा.

हा विषय जुना आहे. बेंजामिन थॉम्पसन, ज्याला काउंट रम्फर्ड म्हणतात, त्याने १७९६ साली फायरप्लेसवर निबंध लिहिला. त्याचं म्हणणं, धुरकट शेकोट्यांचा घसा, म्हणजे चुलीवरून चिमणीत शिरायची वाट, नको इतका मोठा असतो. त्याने तो ४ इंचांवर आणला, चूल उथळ केली, पाठीची भिंत तोंडाच्या रुंदीच्या साधारण एक तृतीयांश ठेवली आणि दोन्ही बाजू तिरप्या केल्या. उथळ आणि तिरप्या भिंतींमुळे आच खोलीत फेकली जाते. तुम्ही फायर ब्रिक लावणारच आहात तर बाजू तिरप्या करून घ्या, खर्च तोच आहे.

प्राजक्ता_कागल

आतून चिमणी खडबडीत असेल तर तिथेही धूर अडतो. इंग्लंडमधल्या जुन्या चिमण्यांना आतून चुना, वाळू आणि गाईच्या शेणाचा गिलावा असायचा. शेणातल्या तंतूंमुळे तो तापला तरी लवकर चिरत नाही. मी जुन्या वाड्यांच्या दुरुस्तीचं काम करते, चुन्याचं काम जाणणारे गवंडी आपल्या भागात अजून आहेत. त्यांना शेण घालायला सांगितलं तर कुणी नाक मुरडणार नाही.

गिलाव्याआधी धूर-परीक्षा करा. खाली ओला पाला धुमसवायचा, वरचं तोंड ओल्या गोणपाटाने झाकायचं आणि घराबाहेरून, माळ्यावरून, बाजूच्या खोलीतून बघायचं. जिथून धूर झिरपेल तिथे सांधा गेलाय. परीक्षा पाच-दहा मिनिटांची, खोली रिकामी ठेवून.

विहंग

मला खरंच प्रश्न पडलाय. एवढं करून उघड्या शेकोटीतली बहुतेक उष्णता चिमणीतूनच जाते. काचेचं दार असलेला लोखंडी स्टोव्ह त्याच तोंडात बसवला तर निम्म्याहून कमी लाकडात खोली गरम होईल. का नको?

निशिगंधा_को

विहंग, तुमचं बरोबर आहे. उष्णतेचाच हिशोब असता तर मीही स्टोव्हच घेतला असता. सासरे म्हणतात, त्यांचे वडील त्या चुलीच्या कडेला पाय टेकवून बसायचे, तिथला दगड घासून गुळगुळीत झालाय. मी हात लावून पाहिला, खरंच दोन टाचांच्या जागा आहेत. ते दगड काचेमागे घालावेसे वाटत नाहीत.

डॉ_रश्मी

दोन गोष्टी कृपा करून सगळ्यांनी वाचा. निखारे धुमसत असताना चिमणीची झडप कधीही बंद करू नका. धूर दिसत नाही म्हणून हवा चांगली असं नसतं. कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. डोकं जड होणं, मळमळ, झोप येणं, इतक्यावरच माणूस बेशुद्ध होतो. हिवाळ्यात बंद खोलीत कोळशाची शेगडी ठेवून झोपलेल्यांना मी इमर्जन्सीत पाहिलंय, त्यातले सगळे घरी परतले नाहीत. बॅटरीवर चालणारा अलार्म मिळतो, तो त्या खोलीत लावाच. आणि शेकोटी पूर्ण विझेपर्यंत त्या खोलीत कुणी झोपायचं नाही.

निशिगंधा_को
१५ डिसेंबर

अलार्म मागवला, डॉक्टर. मनापासून आभार.

काल पेटवली. किचन चिमणी बंद, खिडकी चार बोटं उघडी, लाकूड शेजाऱ्यांकडून वाळलेल्या बाभळीचं. कागदाची सुरळी वर धरली आणि चुलवाण म्हणतात तो भुर्रर्र आवाज आला! माझ्या अंगावर काटा आला. अर्धा तास धुराचा मागमूस नाही. पत्र्याने बघितलं तर २५ इंचांवर अगदी स्वच्छ, ३० ला थोडी थोडी वळवळ.

पण साडेसातला पश्चिमेचा वारा सुटला आणि एकदम भपकन धूर खाली आला. दर दोन-तीन मिनिटांनी एक भपका. पत्रा खाली आणूनही थांबेना.

रानवारा

चिमणीचं टोक छपराच्या मानाने कुठे आहे? बाहेरून पाहून सांगा.

निशिगंधा_को

हे मी कधी पाहिलंच नव्हतं. आज अंगणातून बघितलं. कौलं गळायची म्हणून दुरुस्तीत कौलांच्या वर लोखंडी सांगाडा करून पत्र्याचं छप्पर घातलं. आढं तीन फुटांनी वर गेलं आणि चिमणीचं टोक आता आढ्याच्या जवळजवळ दोन फूट खाली आहे. सासऱ्यांनी जुना फोटो काढून दाखवला, त्यात चिमणी आढ्याच्या वर स्पष्ट दिसते.

निवृत्त_अभियंता

सापडलं! वारा आढ्यावरून पलीकडे उतरताना खाली गोते खातो आणि तुमचं टोक नेमकं त्या गोत्यात आहे. अमेरिकेत पाळतात तो नियम लक्षात ठेवायला सोपा आहे: छपरातून बाहेर येते तिथून किमान ३ फूट वर, आणि १० फुटांच्या आत जे काही उंच असेल त्याच्यापेक्षा किमान २ फूट वर. तुम्हाला चार फूट वाढवावी लागेल. त्याने एकूण उंची १८ फूट होईल, ओढही वाढेल. वाढवलेल्या भागाला पत्र्याच्या सांगाड्याला बांधून आधार द्या, पन्हाळ्याचा वारा मोठा आहे.

प्राजक्ता_कागल

आणि पावसासाठी वर टोपी हवी. टोपी चिमणीच्या तोंडाला टेकून नको, चारी बाजूंनी निदान पोकळीच्या रुंदीएवढी मोकळी जागा, आणि जाळी. पाकोळ्या परत येतील. घरट्यात पिल्लं असतील तर ती उडून जाईपर्यंत जाळी लावू नका.

निशिगंधा_को
१९ जानेवारी

मंडळी, उशीर झाला, पण सगळं करूनच लिहायचं ठरवलं होतं.

पाठ आणि बाजू फायर ब्रिकच्या, बाजू तिरप्या. टाचांचे दगड तसेच ठेवले. चिमणी आतून चुना-शेणाने लिंपली, वर साडेचार फूट वाढवली. तोंडावर उद्यमनगरातून पत्र्याचा छज्जा करून आणला. आठ दिवस काटक्यांचा जाळ. काल संध्याकाळी सगळे होतो, पश्चिमेचा वाराही होता. किचन चिमणी मुद्दाम पाच मिनिटं चालू करून पाहिली, खिडकी उघडी असताना फरक पडला नाही. खिडकी लावली की छज्ज्याखालून धुराची रेघ लगेच बाहेर वळते. म्हणून शेकोटी असेल त्या दिवशी ती चिमणी बंदच. सासूबाई रात्री दहापर्यंत बसल्या, एकदाही खोकल्या नाहीत. सासरे बूट काढून पाय टेकवून बसले होते.

चुलवाण

वाचून डोळं भरलं बघा ताई. दरसाल पाऊस संपला की दोरीला तारेचा ब्रश आन् खाली वजन बांधून धुराडं वरनं खाली घासून घ्या.

समीर_नागाळा

झुणका-भाकरी कधी? आणि तो छज्जा नेमका किती मापाचा? गगनबावड्याला आमच्या मामांकडे अशीच बंद पडलेली फायरप्लेस आहे.

निशिगंधा_को

२६ ला या, मामांनाही आणा. छज्जा ४२ इंच लांब, ९ इंच खाली उतरतो, खालची कडा आत वळवलेली. पण माप आमचं घेऊ नका, आधी पत्रा धरून बघा.